फुल सस्पेन्शन माउंटन बाइक निवडताना : आधी फ्रेम, मग बाकीचे

माझी पहिली फुल सस्पेन्शन सायकल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या दोन्ही चाकांना धक्के शोषणारी यंत्रणा असलेली, मी तिची फ्रेम न पाहताच घेतली. पुढचे चाक धरणारा जाडजूड फोर्क, मधली लाल रंगाची स्प्रिंग, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आणि २१ गिअर एवढ्यावर माझे समाधान झाले होते. घरी आणून वजनकाट्याला टांगली तेव्हा काटा १९ किलोंवर थांबला. चढावर प्रत्येक पायडलसरशी सीट खाली-वर होई, आणि पहिला पावसाळा सरल्यावर मागचे चाक हाताने धरून हलवले तर ते डावी-उजवीकडे डुलत असे. दुकानदाराने सांध्यातील बुश (बोल्टभोवतीच्या बारीक नळ्या) दोनदा बदलून दिले, पण दोन महिन्यांत पुन्हा तीच गत झाली. ज्या भोकांत ते बुश बसत होते ती दोन भोकेच एका सरळ रेषेत नव्हती, त्यामुळे कितीही चांगला बुश घातला तरी तो एका बाजूने झिजणार हे ठरलेलेच होते. हे मला कळले ते दुसऱ्या सायकलीच्या निमित्ताने फ्रेम कशा बनतात याचा अभ्यास करू लागल्यावर.

फोर्क, शॉक (मागच्या चाकाचे धक्के शोषणारा भाग), चाके, ब्रेक हे सारे पुढे बदलता येते, पण फ्रेम बदलली की सायकलच बदलली. म्हणून या लेखात सुट्या भागांविषयी थोडे आणि फ्रेमविषयी बरेच लिहिले आहे. फ्रेम बनवण्याच्या प्रत्येक टप्प्याची काही ना काही खूण तयार सायकलीवर राहते. ती वाचता आली, तर कारखाना न पाहताही त्यातले बरेचसे दुकानात उभ्या उभ्या कळते.

१. आधी तुमची वाट ठरवा

केवळ पुढे फोर्क आणि मागे ताठ फ्रेम असलेल्या सायकलीला हार्डटेल म्हणतात. आठवड्यातून एकदा जवळच्या टेकडीवर जाणे, कच्च्या रस्त्याने गावाबाहेर फिरून येणे किंवा डांबरी घाट चढणे एवढाच वापर असेल, तर त्याच पैशांत हार्डटेल अधिक हलकी, अधिक टिकाऊ आणि कमी देखभालीची मिळते. ज्यांना फुल सस्पेन्शनची खरोखर गरज नाही अशांपैकी निम्म्या लोकांना तरी हा लेख इथेच सोडून हार्डटेल पाहायला जावेसे वाटले, तर मला आनंदच होईल.

गरज निर्माण होते ती उतारावर. सह्याद्रीतील बैलगाडीच्या जुन्या वाटा, बेसॉल्टचे सुटे धोंडे, मुरमावर घसरणारी वळणे, महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारांवरचा आणि कोकणातल्या सड्यांवरचा खरखरीत जांभा, अशा ठिकाणी मागचे चाक सतत उडत राहते. उडालेल्या चाकाला ना ब्रेक लागतो, ना वळणाची पकड मिळते. मागचे सस्पेन्शन पाठीला आराम देते हे खरे, परंतु त्याचे मुख्य काम चाक जमिनीला धरून ठेवणे हे आहे. तुमच्या नेहमीच्या वाटेवर असे उतार किती आहेत, ते एकदा चालत जाऊन पाहा. अभयारण्यातून किंवा राखीव वनातून जाणारी वाट असेल, तर तेथे सायकल नेण्याची परवानगी आहे का, हे वनविभागाकडे विचारून घ्या.

२. ट्रॅव्हल आणि वापराची श्रेणी

चाक वर-खाली जास्तीत जास्त जितके सरकू शकते त्या अंतराला ट्रॅव्हल म्हणतात. क्रॉस-कंट्री प्रकारात ते साधारण १०० ते १२० मिमी असते, ट्रेल प्रकारात १२० ते १५०, एंड्युरो प्रकारात १५० ते १८० आणि केवळ उतारासाठीच्या डाउनहिल सायकलीत २०० मिमी. नवख्या माणसाला मोठा आकडा अधिक सुरक्षित वाटतो, पण जास्त ट्रॅव्हलसोबत फ्रेमचे वजन वाढते, सायकल सपाटीवर सुस्त होते आणि चढ नकोसा वाटू लागतो. आपल्याकडे चढून जायला केबल कार किंवा लिफ्ट नसते. जेवढे उतरायचे तेवढे आधी स्वतःच्या पायांनी चढावे लागते. त्यामुळे बहुतेकांना १२० ते १४० मिमी पुरते.

ट्रॅव्हलपेक्षाही महत्त्वाची खूण फ्रेमच्या खालच्या बाजूस किंवा सोबतच्या पुस्तिकेत सापडते. बऱ्याच कंपन्या अमेरिकेतील एएसटीएम या मानक संस्थेच्या वर्गवारीनुसार सायकलीवर १ ते ५ असा वापराचा क्रमांक देतात. क्रमांक २ म्हणजे कच्चा रस्ता आणि सुमारे १५ सेमीपर्यंतच्या पायऱ्या, क्रमांक ३ म्हणजे खडबडीत वाटा आणि ६१ सेमीपर्यंतच्या उड्या, क्रमांक ४ म्हणजे १२२ सेमीपर्यंतच्या उड्या. दोन बाजूंना सस्पेन्शन लावलेली पण पुस्तिकेत ‘उड्या मारू नयेत, डोंगराळ वाटेवर वापरू नये’ असे बारीक अक्षरांत छापलेली सायकल बाजारात सर्रास मिळते. माझ्या पहिल्या सायकलीच्या पुस्तिकेतही ते होते. मी ती उघडली ती दुसरा बुश झिजल्यावर.

३. मागच्या भागाची जोडणी ओळखा

मागचे चाक ज्या सांगाड्यावर बसते तो मुख्य फ्रेमशी सांध्यांनी जोडलेला असतो. या सांध्यांच्या जागा बदलल्या की सायकलीचा स्वभाव बदलतो. जाहिरातींतली नावे अनेक असली, तरी मूळ प्रकार मोजकेच आहेत.

पहिला प्रकार एकाच सांध्याचा. पायडलच्या थोडे वर एक मोठा सांधा, त्याभोवती मागचा संपूर्ण हात फिरतो आणि चाकाचा ॲक्सल वर्तुळाच्या कमानीत सरकतो. काही सायकलींत याच हाताला वर आणखी दांडे जोडून शॉक दाबला जातो, परंतु मुख्य सांधा आणि ॲक्सल यांच्यामध्ये दुसरा सांधा नसेल, तर वर कितीही दांडे असोत, तो मूलतः एकाच सांध्याचा प्रकार समजावा. बेअरिंग कमी, देखभाल सोपी. ब्रेक दाबल्यावर मागचा भाग काहीसा ताठ होतो, एवढी त्याची खोड.

दुसरा प्रकार चार दांड्यांचा. यात खालच्या दांड्यावर, ॲक्सलच्या किंचित पुढे आणखी एक सांधा असतो. रचनाकार होर्स्ट लाइटनर यांच्या नावावरून त्याला होर्स्ट लिंक म्हणतात. याचे पेटंट पुढे स्पेशलाइज्ड कंपनीकडे गेले आणि २०१३ च्या सुमारास त्याची मुदत संपेपर्यंत अमेरिकेत सायकल विकणाऱ्या इतरांना एक तर परवाना घ्यावा लागे, नाही तर दुसरी युक्ती शोधावी लागे. आज दिसणाऱ्या जोडण्यांतली काही विविधता त्या अडचणीतून आलेली आहे. ट्रेक कंपनीने आणि स्प्लिट पिव्हट या रचनेने तो सांधा थेट ॲक्सलभोवतीच बसवला, तो याच काळात.

तिसऱ्या प्रकारात मागचा त्रिकोण अखंड असतो आणि दोन आखूड दांडे त्याला मुख्य फ्रेमशी जोडतात. जायंट कंपनीचे माएस्ट्रो, रचनाकार डेव्ह वीगल यांचे डीडब्ल्यू लिंक आणि सांता क्रूझ कंपनीचे व्हीपीपी या कुळातले. डीडब्ल्यू लिंकमध्ये दोन्ही दांडे एकाच दिशेने फिरतात, व्हीपीपीमध्ये परस्परविरुद्ध दिशेने. क्रॉस-कंट्रीच्या हलक्या फ्रेममध्ये मागचा एक सांधाच काढून टाकतात आणि कार्बनचा वरचा दांडा काही अंश लवचिकपणे वाकू देतात. सांधाच नाही, तर बेअरिंगही नाही, हा त्यामागचा सरळ हिशोब आहे. उंचावर सांधा आणि चेनसाठी वेगळी कप्पी असलेला एक प्रकार अलीकडे बराच दिसतो. दगडांच्या राशीवर तो उत्तम चालतो, पण चिखलात ती कप्पी साफ करायची तयारी नसेल, तर नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

पायडल मारताना शरीराचा भार मागे सरकतो आणि मागचा भाग दबू पाहतो. चेनचा ताण आणि सांध्यांची जागा मिळून या दबण्याला जो विरोध करतात त्याला अँटी-स्क्वॉट म्हणतात. तो शंभर टक्क्यांच्या आसपास असला की दबणे जवळजवळ थांबते. फार जास्त असला तर चाक वर सरकताना चेन ताणली जाऊन पायडल उलटे ओढले जाते. तालुक्याच्या रस्त्यावरही जी सायकल पायाखाली डुचमळते, तिच्यात हा मेळ बसलेला नाही असे समजा.

दुकानात एक गणित अवश्य करा. मागचे ट्रॅव्हल शॉकच्या दांड्याच्या हालचालीने भागा. १४० मिमी ट्रॅव्हल आणि ५५ मिमी हालचाल असेल तर उत्तर साधारण २.५ येते. याचा अर्थ चाकावर आलेला भार शॉकवर सरासरी अडीचपट होऊन पोहोचतो. हा आकडा ३ च्या पुढे गेला आणि तुमचे वजन ९० किलोंच्या वर असेल, तर शॉकमध्ये हवेचा दाब त्याच्या कमाल मर्यादेजवळ न्यावा लागू शकतो. ही मर्यादा शॉकवरच छापलेली असते.

४. फ्रेम कशी तयार होते आणि तिच्या खुणा कुठे सापडतात

बहुतेक फुल सस्पेन्शन फ्रेम ॲल्युमिनियमच्या किंवा कार्बनच्या असतात. जगातील चांगल्या फ्रेमचा मोठा वाटा तैवानमधील ताइचुंग आणि चांगहुआ परिसरातील कारखान्यांतून येतो. जायंट आणि मेरिडा या दोन्ही कंपन्या १९७२ मध्ये तिथेच सुरू झाल्या. चीन, व्हिएतनाम आणि कंबोडियातही बरेच उत्पादन होते. फ्रेमवर कोणत्या देशाचे नाव आहे यापेक्षा पुढील कामे किती काळजीने झाली आहेत, ते पाहावे.

ॲल्युमिनियमची ताठरता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, पण वजनही साधारण तेवढेच कमी. म्हणून नळ्या जाड व्यासाच्या घेतात. भिंतीची जाडी तेवढीच ठेवून व्यास दुप्पट केला, तर वजन दुप्पट होते, मात्र वाकण्याला होणारा विरोध आठपट होतो. नळ्यांच्या टोकांना, जिथे वेल्डिंग येते, भिंत जाड आणि मध्ये पातळ ठेवतात. याला बटिंग म्हणतात. ही युक्ती आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी बर्मिंगहॅममध्ये १८९७ साली पोलादी नळ्यांसाठी पेटंट केली होती. सव्वाशे वर्षांनंतरही तिला पर्याय नाही. खालच्या नळीवर टोकापासून मध्यापर्यंत नखाने टिचक्या मारत गेलात, तर चांगल्या फ्रेममध्ये आवाज बदलत जातो. स्वस्त फ्रेममध्ये तो सगळीकडे एकच येतो.

वळणदार नळ्या साच्यात घालून आत प्रचंड दाबाने द्रव भरून फुगवतात, याला हायड्रोफॉर्मिंग म्हणतात. आकार देखणा होतो, आणि जिथे भार जास्त तिथे धातू पसरवून ठेवता येतो. परंतु फुल सस्पेन्शन फ्रेमचे खरे कसब नळ्यांत नसून सांध्यांच्या घरांत असते. मुख्य सांधा आणि शॉक जिथे टेकतो त्या दोन जागांवर खड्ड्याचा सगळा मार एकवटतो. चांगल्या फ्रेममध्ये हे तुकडे घणाखाली घडवलेले किंवा अखंड ठोकळ्यातून यंत्रावर कोरलेले असतात. स्वस्त फ्रेममध्ये नळीवर दोन चपट्या पट्ट्या वेल्ड करून त्यांना भोके पाडलेली असतात. वाकून, शॉकच्या बोल्टपाशी पाहिले की हा फरक लगेच दिसतो. माझ्या पहिल्या सायकलीला पट्ट्या होत्या.

यानंतर नळ्यांची टोके माशाच्या तोंडासारखी कापून एकमेकींवर घट्ट बसवतात आणि वेल्डिंगपूर्वी घासून स्वच्छ करतात. ही स्वच्छता शोभेसाठी नाही. ॲल्युमिनियम सुमारे ६५० अंश सेल्सिअसला वितळते, पण त्याच्या पृष्ठावरचा ऑक्साइडचा पापुद्रा वितळायला २००० अंशांहून अधिक तापमान लागते. तो पापुद्रा किंवा तेलाचा अंश आत राहिला, तर वेल्डमध्ये पोकळ्या राहतात. आर्गॉन वायूच्या आवरणात टिग वेल्डिंग करतात आणि उष्णतेने फ्रेम एका बाजूला ओढली जाऊ नये म्हणून कारागीर आलटून पालटून दोन्ही बाजूंचे तुकडे जोडत जातो. तयार वेल्ड एकावर एक सरकवून ठेवलेल्या नाण्यांच्या चळतीसारखा, सारख्या रुंदीचा दिसावा. कडेला नळीत खोल चर पडलेला नसावा. गुळगुळीत वेल्ड पाहून मात्र भुलू नका. तो दुसऱ्यांदा वितळवून सपाट केलेला असू शकतो, तसाच घासून किंवा पुट्टी भरून रंगाखाली दडवलेलाही असू शकतो, आणि बाहेरून हे सांगता येत नाही.

वेल्डिंगच्या उष्णतेने ॲल्युमिनियम मऊ पडते. सर्वाधिक वापरला जाणारा मिश्रधातू ६०६१ पूर्ण मऊ अवस्थेत असताना सुमारे ५५ मेगापास्कल ताणालाच कायमचा वाकतो. उष्णोपचारानंतर, म्हणजे टी६ अवस्थेत, हीच मर्यादा २७५ च्या आसपास जाते. त्यासाठी संपूर्ण फ्रेम सुमारे ५३० अंशांच्या भट्टीत तापवतात, झटक्यात थंड करतात, आणि ती अजून मऊ आहे तोवर काही तासांतच साच्यावर ठेवून सरळ करतात. मग सुमारे १७५ अंशांवर आठएक तास ठेवली की मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे सूक्ष्म कण धातूत जागोजागी तयार होऊन तो कडक होतो. ७००५ या मिश्रधातूला पहिला टप्पा लागत नाही, म्हणूनही काही कारखाने तो पसंत करतात.

हा टप्पा समजून घेणे तुमच्या खिशासाठी महत्त्वाचे आहे. पोलादी सायकलीचा वाकलेला दांडा आपल्याकडचा कोणताही जुना मिस्त्री सरळ करून देतो, आणि तुटलेला दांडा कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे जोडून मिळतो. टी६ ॲल्युमिनियमच्या बाबतीत ही दोन्ही कामे घातक आहेत. वाकवून सरळ केलेल्या जागी सूक्ष्म चिरा पडतात, आणि पुन्हा वेल्ड केलेल्या जागेभोवतीचा पट्टा मऊ होतो. तो पट्टा पूर्ववत करायला संपूर्ण फ्रेम भट्टीत न्यावी लागते. शिवाय पोलादाला जशी एक सुरक्षित मर्यादा असते, जिच्याखाली कितीही वेळा ताण दिला तरी ते थकत नाही, तशी ॲल्युमिनियमला नसते. प्रत्येक हादरा हिशोबात जमा होत जातो.

उष्णोपचारानंतर सांध्यांची भोके, हेड ट्यूब (फोर्कचा वरचा दांडा ज्यातून जातो ती पुढची नळी) आणि पायडलच्या ॲक्सलचे घर यंत्रावर अंतिम मापात कोरतात. फ्रेम एकदाच पकडून दोन्ही बाजूंची भोके एकाच रेषेत कोरली, तरच बेअरिंग सरळ बसतात. स्वस्त कारखान्यात पैसे वाचतात ते नेमके इथे. रंगाने झाकली जाणारी आणि तरीही सर्वांत आधी त्रास देणारी चूक हीच. ती कशी पकडायची, हे सहाव्या टप्प्यात सांगितले आहे.

कार्बन फ्रेमची रीत निराळी आहे. राळेत भिजवलेले कार्बनच्या तंतूंचे कापड उणे १८ अंशांच्या आसपास शीतगृहात साठवतात, कारण साध्या तापमानाला ती राळ हळूहळू घट्ट होऊ लागते. एका फ्रेमसाठी त्याचे शेकडो लहान तुकडे कापून, ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या कोनात, हाताने रचतात. नळीच्या लांबीच्या दिशेतले तंतू वाकणे रोखतात, तर ४५ अंशांत तिरके लावलेले पीळ रोखतात. आतमध्ये फुगा किंवा फोमचा गाभा ठेवून हे सगळे लोखंडी साच्यात बंद करतात, फुग्यात दाब भरतात आणि साचा साधारण १३० ते १५० अंशांपर्यंत तापवतात. दाब कमी पडला किंवा एखादा तुकडा सरकला, तर आत सुरकुत्या आणि पोकळ्या राहतात. सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा, काढून टॉर्चने नळीच्या आत पाहा. चांगल्या फ्रेमचा आतला पृष्ठभाग बाहेरच्याइतका नसला तरी नीटनेटका असतो. लोंबणारे फुग्याचे तुकडे आणि जाड सुरकुत्या दिसल्या, तर त्या फ्रेमवर विसंबू नये.

कार्बन आणि ॲल्युमिनियम एकमेकांना थेट चिकटले आणि त्यात घामाचे किंवा पावसाचे पाणी गेले, तर ॲल्युमिनियम गंजून फुगते. म्हणून जिथे धातूचे तुकडे कार्बनमध्ये बसवायचे, तिथे मध्ये काचतंतूंचा पातळ थर देतात. कोकणासारख्या दमट, खाऱ्या हवेत राहणाऱ्यांनी सांध्यांभोवतीचा रंग फुगलेला नाही ना, हे जुन्या कार्बन फ्रेमवर आवर्जून पाहावे. ‘टी८००’, ‘टी१०००’ अशी अक्षरे छापलेल्या निनावी स्वस्त फ्रेमपासून दूर राहा. ती तंतूंच्या प्रतीची नावे आहेत. तंतू कसा रचला आणि दाबला, हे त्यावरून कळत नाही.

पोलादी फुल सस्पेन्शन फ्रेमही बनतात. इंग्लंडमधील कॉटिक आणि ब्रिस्टलची स्टारलिंग त्यासाठी ओळखल्या जातात. वजनाने थोड्या जड, पण जोडता येण्याजोग्या.

फ्रेम कशाचीही असो, ती आयएसओ ४२१० या मानकाच्या चाचणीतून गेली आहे का, ते पुस्तिकेत शोधा. या चाचणीत माउंटन बाइकच्या फ्रेमवर पायडलच्या जागी १२०० न्यूटनचा, म्हणजे सुमारे १२२ किलो वजनाइतका, भार १ लाख वेळा देतात आणि पुढच्या ॲक्सलपाशी फ्रेम ५० हजार वेळा पुढे-मागे ओढतात.

५. माप आणि भूमिती

लहान, मध्यम, मोठी ही मापे प्रत्येक कंपनीची वेगळी असतात, म्हणून त्यांवर विसंबू नका. भूमितीच्या तक्त्यात रीच नावाचा आकडा असतो. पायडलच्या ॲक्सलच्या मध्यातून काढलेल्या उभ्या रेषेपासून हेड ट्यूबच्या वरच्या टोकापर्यंतचे आडवे अंतर म्हणजे रीच. उभे राहून उतरताना तुमच्यासमोर किती जागा आहे, हे तो सांगतो. माझी उंची १७० सेमी आहे आणि मला ४५० मिमीच्या आसपासचा रीच बरा पडतो. सीटच्या नळीचा कोन ७६ अंश किंवा अधिक असेल, तर मागचा भाग दबल्यावरही चढताना शरीर पुढे राहते. हेड ट्यूबचा कोन ६४ ते ६६ अंशांचा असेल तर तीव्र उतारावर धीर येतो, त्याहून उभा असेल तर चढावरची अरुंद वळणे सोपी जातात.

२९ इंची चाके दगडांवरून सहज जातात, २७.५ इंची लवकर वळतात. पाच फुटांपेक्षा कमी उंची असेल तर दुसरी पाहा. एवढे पुरे. चाकांवरचे वाद कधी संपत नाहीत.

६. दुकानातील तपासणी

ही तपासणी करू न देणाऱ्या दुकानातून फुल सस्पेन्शन सायकल घेऊ नका. दुकानदाराला आधी नम्रपणे सांगा आणि त्याच्याच मेकॅनिककडून हे करून घ्या.

मागचे चाक काढा, शॉकचा एक बोल्ट सोडा आणि मागचा सांगाडा हाताने वर उचलून सोडा. तो कुठेही न अडता, स्वतःच्या वजनाने खाली यायला हवा. एखाद्या जागी अडखळला किंवा घट्ट फिरला, तर भोके एका रेषेत नाहीत किंवा बेअरिंग वाकडे दाबले आहे. आता तोच सांगाडा डावी-उजवीकडे हलवा आणि दुसऱ्या हाताचे बोट एकेका सांध्याच्या फटीवर ठेवा. सैलपणा असेल तर बोटाला टिकटिक जाणवते. चाक लावूनच तपासलेत, तर हबमधला (चाकाच्या मध्यावरच्या भागातला) सैलपणा आणि सांध्यातला सैलपणा यांची गल्लत होते. तसेच शॉकचा बोल्ट पुन्हा बसवताना तो हाताने सहज आत गेला पाहिजे. ठोकून बसवावा लागत असेल, तर शॉक तिरका बसणार आणि त्याची रबरी सील लवकर फाटणार.

शॉक परत जोडल्यावर त्यातली हवा पूर्ण सोडा आणि सीटवर भार देऊन मागचा भाग तळापर्यंत दाबा. टायर सीटच्या नळीला किंवा खाली केलेल्या सीटला लागता कामा नये. पुढे कुणी जास्त हालचालीचा शॉक बसवायचा सल्ला दिला, तर ही चाचणी आठवा. अनेक फ्रेममध्ये तेवढी जागाच नसते.

शेवटी मागून, डोळा टायरच्या रेषेत आणून पाहा. मागचे चाक दोन्ही दांड्यांच्या बरोबर मध्ये आणि पुढच्या चाकाच्या रेषेत दिसावे. मागचा डिरेल्युअर (गिअर बदलणारा भाग) ज्या तुकड्यावर टांगलेला असतो, तो हँगर कोणत्या प्रकारचा आहे हेही विचारा. २०१९ मध्ये स्रॅम कंपनीने आणलेला यूडीएच हा सर्वसामान्य हँगर असेल, तर सुटा भाग सहज मिळतो. नाहीतर त्या फ्रेमचा खास हँगर सायकलीसोबतच एक जास्तीचा घेऊन ठेवा. तो मोडल्यावर आठ-दहा आठवडे सायकल भिंतीला टेकवून ठेवण्याचा अनुभव मी घेतला आहे.

७. वापरलेली सायकल घेताना

नवी फुल सस्पेन्शन परवडत नसेल, तर चांगल्या कंपनीची तीन-चार वर्षे वापरलेली सायकल निनावी नव्या सायकलीपेक्षा बरी. मात्र ती पूर्ण धुतलेली, कोरडी आणि उजेडात पाहा. ॲल्युमिनियमची चीर वेल्डच्या कडेला केसासारखी सुरू होते. हेड ट्यूबच्या खाली, सीटच्या नळीवरच्या सांध्यापाशी आणि मागच्या दांड्यांच्या बेचक्यात ती शोधा. रंगातली भेग आणि धातूतली चीर यांत शंका आली, तर नखाने खरवडा. नख अडले तर व्यवहार थांबवा. कार्बनवर नाण्याने हलकी टिचकी मारत जा. कडक टणटणीत आवाजाच्या मध्ये कुठे बद्द आवाज आला, तर आतले थर सुटलेले असू शकतात.

शॉकचे माप लिहून घ्या. २०१६ पासून मेट्रिक मापे आली, जशी २१० × ५५ (मिमीमध्ये लांबी × हालचाल). त्याआधीच्या २०० × ५७ सारख्या मापांचे नवे शॉक आता कमी मिळतात. एका बाजूला फ्रेम स्वस्त मिळाली म्हणून आनंद आणि दुसऱ्या बाजूला शॉकसाठी वणवण, असे होऊ नये.

८. कागदपत्रे आणि हत्यारे

पक्के बिल हवे, आणि त्यावर पायडलच्या घराखाली कोरलेला फ्रेम क्रमांक लिहिलेला हवा. फ्रेमची हमी बहुधा पहिल्या खरेदीदारालाच लागू असते, म्हणून वापरलेली सायकल घेताना मूळ बिल मागा, पण हमी मिळेलच असे धरून चालू नका. चोरीच्या सायकलीची शंका दूर व्हावी म्हणून विक्रेत्याच्या ओळखपत्राची प्रत आणि सही केलेली पावती घ्या. हमीची नोंदणी कंपनीच्या संकेतस्थळावर ठरावीक दिवसांत करावी लागते, ती मुदत बिलावर लिहून ठेवा.

घरी पुढील गोष्टी असाव्यात :
- शॉक पंप (साधा पंप इथे चालत नाही)
- ॲलन की चा संच
- टॉर्क रेंच (बोल्ट ठरावीक जोरानेच आवळणारा पाना)
- बोल्टांसाठी थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव)
- चांगले ग्रीस आणि मऊ ब्रश
- जास्तीचा हँगर

सायकल दुरुस्तीच्या स्टँडवर लावताना फ्रेमची नळी चिमट्यात पकडू नका, सीटपोस्ट पकडा. पातळ भिंतीची ॲल्युमिनियम नळी दबते आणि कार्बनला चीर जाते.

९. पहिले ५० तास

घरी आल्यावर आधी सॅग, म्हणजे तुमच्या वजनाने शॉक किती दबतो ते, लावा. सायकल चालवायच्या कपड्यांत, पाठीवरच्या पिशवीसह सीटवर बसा, शॉकच्या दांड्यावरची रबरी रिंग वर सरकवा, अलगद उतरा आणि रिंग किती खाली गेली ते मोजा. ट्रेल सायकलीसाठी शॉकच्या हालचालीच्या २५ ते ३० टक्के योग्य. ५५ मिमीच्या शॉकमध्ये ३० टक्के म्हणजे साडेसोळा मिमी. कमी भरले तर हवा थोडी सोडा, जास्त भरले तर पंप लावा. कोणत्याही विक्रेत्याने ‘कारखान्यातून लावून आले आहे’ म्हटले, तरी हे स्वतः करा, कारण कारखान्याला तुमचे वजन माहीत नसते.

पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर सर्व सांध्यांचे बोल्ट त्यांवर छापलेल्या आकड्यानुसार टॉर्क रेंचने तपासा. नव्या फ्रेममध्ये बेअरिंग जागेवर बसताना बोल्ट किंचित सैल होतात. शॉकची हवेची बाजू आणि फोर्कचे खालचे पाय सुमारे ५० तासांनी उघडून साफ करावे लागतात, आणि पूर्ण सर्व्हिस साधारण १०० ते १२५ तासांनी. हे आकडे कंपनीच्या पुस्तिकेतून पक्के करून घ्या, आणि प्रत्येक फेरीचे तास वहीत लिहीत जा.

पावसाळ्यात सायकल गाड्या धुण्याच्या केंद्रावर नेऊन जोराच्या पाण्याखाली धरण्याचा मोह होतो. त्या दाबाने पाणी बेअरिंगच्या सीलमधून आत जाते आणि ग्रीस बाहेर काढते. बादलीभर पाणी, ब्रश आणि अर्धा तास एवढे पुरते. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या माउंट टॅम या डोंगराजवळच्या एका उताराला ‘रिपॅक’ हे नाव पडले, कारण तो एकदा उतरला की जुन्या सायकलींच्या मागच्या हबमधल्या ब्रेकचे ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक वेळी नवे भरावे लागे. आपल्याकडे तेच काम जुलैचा चिखल करतो. म्हणून गणपती येईपर्यंत थांबू नका. जूनमध्येच मुख्य सांध्याचे बेअरिंग बाहेर काढून, त्यात ग्रीस भरून परत बसवा, आणि पाऊस उघडल्यावर शॉकचा बोल्ट सोडून सांगाडा हाताने वर-खाली करण्याची ती चाचणी पुन्हा एकदा करा.